टाकीवरचं कुलूप

डिझेलची गाडी स्लोला, म्हणजे उभ्या जागी नुसतं इंजिन चालू असताना, थरथरायला लागली की आमच्या बीड जिल्ह्यात डॉक्टरांची कमी पडत नाही. माणूस आजारी पडला तर चांगला डॉक्टर गाठायला बीडला जावं लागतं. गाडी आजारी पडली की चहाच्या टपरीवरून चौघंजण आपणहून उठून येतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि डोळे मिटून रोग सांगतात. एक म्हणतो नोझल. दुसरा म्हणतो पंप. तिसऱ्याला गाडीपेक्षा ड्रायव्हरचाच संशय येतो. चौथा काहीच बोलत नाही, फक्त जाताना लिंबू-मिरची बदलायला सांगतो. मी इतकी वर्षं उसाच्या गाड्या चालवल्या, पण या चौघांपैकी एकालाही गाडीखाली वाकून बघताना मी पाहिलेलं नाही. वाकलं तर पांढरी विजार खराब होते.

तेव्हा मी दिंद्रुडच्या एका मालकाची दहाचाकी चालवत होतो. गाडी जुनी, साध्या पंपाची, कॉम्प्युटर नावाची वस्तू तिच्यात औषधालाही नव्हती. गाडी चांगली होती. मालक मात्र संशयाचं पोतं. त्यांच्या धान्याच्या कोठीला कुलूप, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप, अंगणातल्या पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही कुलूप. डिझेलच्या टाकीसाठी तर त्यांनी खास लोखंडी पट्टी करून घेतली होती. पट्टी टाकीच्या डोक्यावरून आडवी जायची, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला कुलूप. तिच्याखाली डिझेल भरायचं झाकणही यायचं आणि इंजिनाकडे डिझेल नेणाऱ्या पाइपाचा जोडही. किल्ली एकच, आणि ती मालकांच्या करदोड्याला. डिझेल भरायचं असलं की मालक स्वतः मोटरसायकलवर पंपावर येणार, चारचौघांत सदरा वर करणार, पोट आत ओढून कुलपापर्यंत वाकणार आणि टाकी भरून झाली की कुलूप दोनदा ओढून बघणार. पंपावरची पोरं तोंडं फिरवून हसायची. मालकांना वाटायचं, धाकाने गप्प आहेत.

त्या हंगामात गाडीला हे दुखणं लागलं. रस्त्यावर भरल्या उसानिशी चढ चढताना काही तक्रार नाही. पण पाय काढला आणि इंजिन स्लोला आलं, की आवाज वर-खाली व्हायला लागायचा. मग सगळी गाडी हलायची, आरशातला माणूस ओळखू यायचा नाही, आणि दोन आचके देऊन इंजिन गप्प. रेस दिली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालायची.

आता ज्याची गाडी नुसती हायवेवर पळते त्याला याचं काय वाटणार? पण उसाच्या गाडीचा अर्धा जन्म कारखान्याच्या लायनीत जातो. वजनकाट्यापर्यंत इंच इंच सरकायचं, आणि लायनीत कुणी इंजिन बंद करत नाही. बंद केलं आणि पुढची गाडी सरकली, तर मधल्या फटीत कुणीतरी ट्रॅक्टर घुसवलाच म्हणून समजा. त्यामुळे सगळं यार्ड दिवसभर स्लोवर घुरघुरत असतं. अशा ठिकाणी स्लोला बंद पडणारी गाडी म्हणजे लग्नात उपाशी राहिलेला व्याही. तिच्यावरून भांडण ठरलेलं.

याच्यावर आमच्या ड्रायव्हर मंडळींनी काढलेला उपाय तर बघण्यासारखा आहे. आपल्याच गाडीतून उसाचं एक कांडं मोडायचं आणि सीटचा पाया नि ॲक्सिलेटर यांच्यामध्ये अडकवून टाकायचं. रेस वाढलेली राहते, थरथर थांबते, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळायला मोकळा. कांडं वाळलं की नवीन लावायचं. मी एकाला विचारलं होतं, असं किती दिवस चालवणार? तो म्हणाला, "कारखान्याला ऊस हाय तवर." आणि हा आमच्यातला शहाणा समजला जाणारा माणूस.

गेवराईचा उस्ताद त्याच्याही वरचा. आमच्या मालकांचा त्याच्यावर देवासारखा विश्वास, कारण तो मालकांनी विचारायच्या आत मान डोलवायचा. त्याने नोझल काढून साफ केले, फिल्टर बदलला, पंप खोलून आणला. प्रत्येक वेळी गाडीची हवा काढायचा. फिल्टरचा बोल्ट ढिला करून हातपंप मारला की डिझेलमधून फेस यायचा, फेस संपला की बोल्ट आवळायचा. गाडी तेवढी दुपारपर्यंत नीट चालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी एकदा न राहवून विचारलं, "उस्ताद, ही हवा येती कुठून?"

"हवा येतच आस्ती बे," तो हात पुसत म्हणाला. "गोदावरीच्या कडंला ऱ्हाऊन पानी कुठून येतं आसं इचारतो का तू?"

गॅरेजातले सगळे हसले. हवा काढायची सगळ्यांना हौस, ती शिरते कुठून हे बघायचं म्हटलं की माणूस खुळ्यात निघतो. मी म्हणालो, टाकीपासूनची लाइन तरी बघू. उस्ताद पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "तितं मालकाचं कुलूप हाय. मालकाला बोलव." मालकांना फोन लावला तर ते म्हणाले, डिझेल भरायची पाळी आली की येईन. शेवटी उस्तादाने स्लोचा स्क्रू फिरवून रेस थोडी वाढवून दिली, म्हणजे उसाचं कांडंच, फक्त लोखंडाचं, आणि सांगितलं की आता गाडी सोन्यासारखी झाली. सोनं यार्डाच्या गेटात बंद पडलं.

मग मालकांनी स्वतः निदान केलं. तेही गाडी न बघता, टपरीवर बसून, लायनीतल्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर. "स्लोला बंद पडती म्हंजी डिझेलात भेसळ हाय. डिझेल माज्या कुलपात. कुलूप उघडल्याबिगर भेसळ हुईल का? मंग उघडतं कोन? गाडी कुनाच्या हातात आस्ती?"

मी म्हणालो, "मालक, किल्ली तुमच्या कंबरंला हाय."

"दुसरी किल्ली करायला काय लागतंय, बे?" मालक म्हणाले. "आता आयक. ह्येच्यापुढं गाडी लायनीत बंद पडली तर गाडीची चावी ठिवायची आन चालायला लागायचं. आन तू डिझेल काढतूस ह्ये मी समद्या मालकांना सांगनार."

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळायची नाही. ड्रायव्हर दारू पितो, चालतं. भांडतो, शिव्या देतो, सणाला सांगून न सांगून गावाकडे पळतो, तेही चालतं, मालक शिव्या घालून परत ठेवून घेतात. पण डिझेलचोर म्हणून एकदा नाव झालं की कडा गाव म्हणू नका, गेवराई म्हणू नका, कुणी स्टेअरिंगला हात लावू देत नाही. मला ड्रायव्हिंगशिवाय दुसरं काही येत नाही. टपरीवर माझी मान खाली गेली नाही हे खरं, पण आतून मी घाबरलो होतो, आणि ज्या माणसाला पोट आत ओढल्याशिवाय स्वतःचं कुलूप दिसत नाही त्याला आपण घाबरतो, याची मला जास्त चीड आली.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमी मेकॅनिक हाव का ड्रायवर?"

म्हटलं, "चोर सोडून कायबी म्हन."

तिचा भाऊ गवंडी आहे. तेव्हा त्याचं आमच्याच गावात बांधकाम चालू होतं. गवंड्याकडे लेव्हल बघायची लांब पारदर्शक नळी असते, पाणी भरून दोन भिंतींची पातळी बघतात ती. मला एकदम सुचलं. हवा पाइपातून जाते म्हणून दिसत नाही, पाइपच काचेसारखा असला तर? मी मेव्हण्याकडे गेलो आणि हातभर तुकडा मागितला.

"दाजी, गाडीला पानसाळ लावताव का काय?" तो म्हणाला. "लावा लावा. मालकाची पातळीबी बगा त्येच्यात."

त्याने तुकडा कापून दिला. बायकोने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "ह्येनं गाडी नीट व्हईल. नावाचं काय?" तेव्हा मला तिचं बोलणं नुसतं टोचलं. ते किती खरं आहे हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी फडात गाडी भरत होती तेवढ्यात मी खाली शिरलो. टाकीकडून येणारा पाइप इंजिनाजवळ सोडवला, मध्ये नळी घातली, दोन्ही टोकं तारेने आवळली. हवा काढली, इंजिन चालू केलं, रेस सोडून दिली. गाडी स्लोला येऊन थरथरायला लागली आणि नळीतून बुडबुडे निघाले, एकामागे एक, सोड्याच्या बाटलीत येतात तसे. टोळीतल्या माणसाला वर बसवून रेस द्यायला लावली. गाडी हलायची थांबली, बुडबुडेही थांबले. पुन्हा स्लो, पुन्हा बुडबुडे. म्हणजे हवा इंजिनाच्या मागून, टाकीच्या बाजूनेच येत होती. नोझल निर्दोष, पंप निर्दोष, फिल्टर निर्दोष. उस्तादाने एवढे दिवस निरोगी माणसाचं ऑपरेशन केलं होतं. मी पाइप चाचपत मागे मागे गेलो. कुठे तडा नाही, कुठे जोड नाही. थेट टाकीच्या डोक्यापर्यंत गेलो आणि पट्टीखाली हात अडला.

पट्टीची कड पाइपाच्या जोडावर टेकलेली होती. डिझेल गळत असतं तर आंधळ्यालाही सापडलं असतं. पण जोड टाकीच्या वरच्या अंगाला, तिथून इंजिन डिझेल ओढून घेतं. तिथे जोड ढिला पडला तर बाहेर थेंब येत नाही, आत हवा शिरते. मला सगळं समजलं होतं. पण मला समजून काय उपयोग? कुलपाला हात लावला असता तर मालकांचंच म्हणणं खरं झालं असतं. मी नळी तशीच ठेवली आणि गाडी लायनीत नेली.

काट्याच्या जरा अलीकडे गाडी बंद पडली. खरं सांगायचं तर मी कांडं लावलं नव्हतं. मागे हॉर्नचा गलका सुरू झाला, ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरले. मी मालकांना फोन केला, "गाडी बंद पडली, या." असे ते कधी येत नसत, पण चोर पकडायचा म्हटल्यावर दिंद्रुडहून वाऱ्यासारखे आले.

"ठिव चावी," मालक मोटरसायकलवरूनच म्हणाले.

"ठिवतो. आधी एक बगा, सगळ्यांसमोर."

मी एका ड्रायव्हरकडून त्याच्या डिझेलचा कॅन घेतला, केबिनच्या बाजूला टांगला, टाकीचा पाइप सोडून कॅनात घातलेला दुसरा पाइप जोडला. हवा काढली, चालू केलं. गाडी स्लोला अशी उभी राहिली की बॉनेटवर ठेवलेला चहा सांडला नसता. मला वाटलं, झालं, सुटलो.

मालक टाळी वाजवून म्हणाले, "बगा! दुसऱ्याच्या डिझेलवर कशी चालती! मी काय म्हनलो हुतो? टाकीतल्या डिझेलात भेसळ हाय!"

आणि आमच्या ड्रायव्हर मंडळींनी माना डोलावल्या. सगळ्यांनी. ज्याने कॅन दिला त्यानेही. जी गोष्ट मला सोडवणार होती तिनेच मला बांधलं. क्षणभर मला त्या सगळ्यांना तिथेच सोडून घरी निघून जावंसं वाटलं. एवढ्या मोठ्या यार्डात, रोज डिझेलच्या वासात जगणाऱ्या माणसांत, एकालाही असं वाटलं नाही की कॅन बदलला तेव्हा डिझेलच नाही, पाइपही बदलला होता.

"बरं," मी म्हणालो. "मंग टाकीतलंच डिझेल कॅनात घाला. मी हात लावत न्हाई. तुमीच कुलूप उघडा, तुमीच काढा, तुमीच वता. त्येच्यावर गाडी बंद पडली तर मी चोर."

मालक कचरले. पण चोर पकडायची घाई आणि भोवती एवढी माणसं. त्यांनी सदरा वर केला, पोट आत ओढलं, करदोड्यावरून किल्ली सोडवली. पट्टी उघडली. दुसऱ्या एका नळीने टाकीतलं डिझेल काढलं, रिकामा करून घेतलेला कॅन स्वतःच्या हाताने भरला. मी हवा काढून गाडी चालू केली. तीच टाकी, तेच डिझेल, आणि गाडी स्लोला पुन्हा गाय उभी राहावी तशी शांत.

"आता टाकीचा पाइप जोडतो," मी म्हणालो, "पट्टी उघडीच ऱ्हाऊ द्या." जोडला. एकदोन बुडबुडे आले आणि थांबले. माणसं नळीभोवती वाकली. कधी न वाकणारीसुद्धा वाकली.

"मालक, आता पट्टी लावा. तुमच्या हातानं."

त्यांनी पट्टी खाली केली. पट्टी जोडावर टेकली, गाडीच्या थरथरीने त्याच्यावर टकटक वाजायला लागली, आणि नळीतून बुडबुडे सुटले. इंजिनाचा आवाज वर-खाली झाला. "उचला," मी म्हणालो. त्यांनी उचलली, आवाज बसला. "लावा." लावली, पुन्हा बुडबुडे. मी त्यांना चार वेळा उचल-ठेव करायला लावली. दोनदा पुरलं असतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मालक, डिझेल न्हाई काढलं कुनी, तुमच्या कुलपानं हवा भरली!" आणि लायनीत एकच हशा उठला. हसणारे तेच होते, ज्यांनी आत्ताच माना डोलावल्या होत्या.

पट्टीखाली जोडाचं तांब्याचं वायसर, म्हणजे वॉशर, एका बाजूने पार दबून कागदासारखं झालेलं होतं. एकाच्या पेटीत नवीन सापडलं, ते घातलं. वाढवलेली रेस मी कमी केली आणि गाडी तिच्या खऱ्या स्लोवर गुमान चालत राहिली.

मालक पट्टीकडे बघत म्हणाले, "वायसर कुनीतरी ढिलं केलंय."

"कुलपाखालचं?" मी विचारलं.

त्यावर ते म्हणाले, "बरं बरं, झालं न्हवं नीट? काट्यावर घे आता."

मी काट्यावर घेतली, कारण ऊस दुसऱ्याचा होता आणि वाळत होता. गाडी रिकामी करून दिंद्रुडला आणली, मालकांच्या ओट्यावर चावी ठेवली आणि म्हणालो, "टपरीवर चोर म्हनला हुता. टपरीवर जाऊन न्हाई म्हना, मंग चावी उचलतो."

"आरं, रागात मानूस बोलतो कायबी. एवढा ताठा बरा न्हाई."

टपरीवर ते गेले. मला नंतर समजलं. तिथे त्यांनी सांगितलं, उस्तादाला जमलं नाही, ड्रायव्हरला जमलं नाही, शेवटी मी स्वतः कुलूप उघडलं आणि दोष हुडकून काढला. हे खोटंही नव्हतं. माझ्या चोरीचा विषय मात्र निघाला नाही. तो निघायला पाहिजे होता.

मला दुसरी गाडी मिळायला वेळ लागला. लायनीत जे शेवटपर्यंत थांबले होते ते कुलपाची गोष्ट सांगायचे, जे नुसते टपरीवर होते ते चोरीची. नवीन मालक भला माणूस आहे, टाकीला कुलूप नाही. फक्त पहिल्या हंगामात रोज सकाळी तो टाकीत काठी बुडवून बघायचा, आणि मी बघत असलो की उगाच काठी झटकून हसायचा.

यंदा लायनीत ती जुनी दहाचाकी माझ्या मागे येऊन लागली. आवाजावरूनच ओळखली. स्लो वर-खाली होत होता. खाली उतरून बघितलं, तर ॲक्सिलेटरला उसाचं कांडं, आणि स्टेअरिंगवर माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा, पांढऱ्या मिशांचा माणूस. टाकीवर नवी पट्टी, आधीपेक्षा जाड. कुलूपही मोठं.

"भाऊ," तो म्हणाला, "स्लोला मरती बग ही. उस्तादनं समदं बदललं. मालक म्हन्तो, मी डिझेल काढतो. ह्या वयात..."

माझ्या सीटखाली ती नळी अजून होती. मी ती आणून त्याच्या हातात दिली, कुठे लावायची ते दाखवलं. तो लगेच खाली शिरायला निघाला. मी त्याचा दंड धरला.

"आत्ता लावू नगा, काका. आधी मालकाला बोलवा. त्यो आला की लायनीतली मानसं गोळा करा. मानसं जमल्याबिगर पाइपसुदिक सोडू नगा."

"कावून? हवा तर आत्ताबी दिसंल की."

"तुमाला दिसंल," मी म्हणालो. "तुमी चोर न्हाई ह्ये तुमाला ठावंच हाय."

नळी काखेत धरून त्याने खिशातून फोन काढला.